आधी सातबारा, मग स्टार्टअप

पुण्यात दर दोन महिन्यांनी कुणीतरी मला ऐकवतं, ‘तू गडचिरोलीकडचा ना? तिकडच्या पोरांनी शेतीत स्टार्टअप करायला पाहिजे.’ मी कोड लिहून पोट भरतो. एका हॅकेथॉनमध्ये मीही धानाचे भाव दाखवणारं ॲप बनवलं होतं, बक्षीसही मिळालं. आरमोरी तालुक्यातल्या मामेभावाला ते दाखवलं. तो म्हणाला, ‘दादा, भाव मले मालूम हाये. त्या भावात माझा धान कोनी घेत नाही.’

मामाच्या बांध्या वनजमिनीवर आहेत. सातबारा नाही, म्हणून आधारभूत खरेदी केंद्रावर नोंदणी नाही, पीककर्ज नाही. धान जातो व्यापाऱ्याच्या काट्यावर, तो म्हणेल त्या भावात. यात माझं ॲप काय दिवे लावणार?

वनहक्क कायदा २००६ चा. मामा आदिवासी नाही, त्यामुळे त्याला जंगलावर अवलंबून असलेलं ३ पिढ्यांचं वास्तव्य दाखवावं लागतं. कायद्यात एक पिढी म्हणजे २५ वर्षं, आणि मोजणी डिसेंबर २००५ पासून मागे. म्हणजे १९३० च्या आधीचा पुरावा. गडचिरोली हा जिल्हाच मुळात १९८२ चा! नियमांत गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरतात. मामाने तोही जोडला. दावा ‘पुरावा अपुरा’ म्हणून परत आला. आता मामेभाऊ २४ वर्षांचा आहे, आणि आम्ही त्याला उद्योजकतेचे व्हिडिओ पाठवतो.

आमच्याकडे कल्पना नाहीत, हे तर कृपया सांगू नका. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंचं शिक्षण तिसरीपर्यंत. स्वतःच्या बांधीतले वेगळे लोंब निवडून त्यांनी एचएमटी तांदूळ तयार केला. घड्याळाच्या नावाचा हा तांदूळ तुम्हीही खाल्ला असेल. कृषी विद्यापीठाने तेच वाण शुद्ध करून पीकेव्ही-एचएमटी म्हणून बाजारात आणलं. २०१८ मध्ये दादाजी गेले ते गरिबीतच. पद्मश्री नाही, रॉयल्टी नाही. कमतरता कल्पनेची नव्हती, मालकीची होती.

मालकी मिळाली की काय होतं, ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखात दिसलं. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, वनखात्याच्या हातात. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं. बांबू तोच, माणसं तीच. पुस्तक हातात आल्यावर ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली. मी याला स्टार्टअप म्हणतो. पिच डेक नव्हता, एवढंच.

‘असे हक्क वाटले तर जंगल उरेल का?’ असं विचारणाऱ्यांनी एक रात्र मामेभावासोबत जागलीला मचाणावर काढावी. खाली रानडुकरं, मागे वाघाची भीती. जंगलाची किंमत तो रोजच मोजतो.

बक्षिसाच्या पैशांतून मी जुने नकाशे स्कॅन करायला चांगला स्कॅनर घेतलाय. सोमवारपासून आठवडाभर सुटी टाकली आहे. मामेभाऊ आणि मी चंद्रपूरच्या रेकॉर्ड रूममध्ये बसणार आहोत, १९३० च्या आधीच्या गावनकाशात पणजोबांची बांधी सापडते का ते बघायला.