चार रकान्यांचे धर्म

शाळेत 'जगातील प्रमुख धर्म' हा प्रकल्प आला की काय होते, ते अहमदपुरातला कोणताही स्टेशनरीवाला सांगेल. चित्रांचा छापील तक्ता विकत आणायचा, मोबाइलवरचा मजकूर उतरवून काढायचा, वर्गात उभे राहून वाचायचा. टाळ्या. स्थापक, धर्मग्रंथ, सण, प्रार्थनास्थळ हे चार रकाने भरले की एक धर्म उरकला.

मुलांनी स्वतः शोधावे आणि सांगावे, ही पद्धत चांगलीच. पण अहमदपूरच्या मुलाने धर्म मोबाइलवर शोधावा? नांदेड किती दूर आहे! धर्मग्रंथाच्या रकान्यात 'गुरू ग्रंथसाहिब' लिहून मोकळे झालेले पोर सचखंड हुजूर साहिबला गेले, तर शेजारी दशम ग्रंथालाही मान दिलेला त्याला दिसेल. पंजाबातल्या बहुतेक गुरुद्वारांत तसे नसते. का नसते, हे त्याने तिथल्याच जाणत्या माणसाला विचारावे. नरसीच्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हेही मग कळेल. बौद्ध धर्माचेही तेच. १९५६ च्या दीक्षेत बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा आपल्या विहारात पोरांना पाठ असतात. श्रीलंकेतल्या बौद्धांच्या परंपरेत त्या नाहीत.

आणि खुद्द गावातले काय? शिवलिंग शिवाचार्य महाराजांच्या वीरशैव-लिंगायत मठामुळे अहमदपूरचे नाव कर्नाटकापर्यंत पोचलेले. लिंगायत हा स्वतंत्र धर्म मानावा, या मागणीसाठी २०१७ मध्ये लातूरला प्रचंड मोर्चा निघाला. आता तक्त्यात हा धर्म कुठे बसवायचा? वेगळी ओळ द्यायची की हिंदू धर्माच्या ओळीत घालायचा? 'स्थापक' या रकान्यात बसवण्णा लिहायचे की वीरशैव परंपरा मानते ते पंचाचार्य? घराघरांत यावर वेगळे उत्तर मिळेल. नववीच्या मुलीने दोन्ही बाजूंच्या आजोबांना भेटून दोन्ही उत्तरे वर्गापुढे मांडली, निकाल न देता, तर तो खरा प्रकल्प. तिला गुण कमी पडले तरी चालतील.

'नको ती भानगड,' असे मुख्याध्यापक म्हणतात. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. उद्या कुणाच्या भावना कुठे दुखावतील, सांगता येत नाही. पण कायद्याचा आडोसा त्यांनी घेऊ नये. राज्यघटनेच्या कलम २८ ने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षणाला मनाई केली आहे. पण धर्मांविषयी माहिती देणे म्हणजे ते धर्मशिक्षण नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात दिला. त्या निकालात ज्या संसदीय समितीच्या १९९९ च्या अहवालाचा आधार घेतला, तिचे अध्यक्ष आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण होते. सर्व धर्मांची मूलतत्त्वे मुलांना कळावीत, असे त्या समितीचेच म्हणणे.

तेव्हा गुरुजी, यंदा तक्ते बंद करा. सहलीची गाडी कंधारच्या हाजी सय्याह दर्ग्यावरून नांदेडला न्या. मुलांना प्रश्नांची वही द्या. सादरीकरणाला त्या त्या धर्माची माणसे समोर बसवा, म्हणजे ऐकीव थापा तिथल्या तिथे पकडल्या जातील. अट एकच घाला: आपल्या घरच्या धर्मावर कुणी बोलायचे नाही, शेजाऱ्याच्या धर्मावर बोलायचे.