चाळिशीचा चष्मा आणि वर्षाचा हिशेब

दुकानदार दिवाळीत वही बदलतो, वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक वर्ष सरताना. किती शोधनिबंध आले, किती परत पाठवले, निर्णयाला किती दिवस लागले, इम्पॅक्ट फॅक्टर किती चढला, असा जमाखर्च संपादकीयात मांडायचा आणि शेवटी नव्या वर्षाचे संकल्प सोडायचे, ही रीत. नेत्रवैद्यकातही तीच. हा हिशेब खोटा नसतो. पण तो दुकानाचा असतो, गिऱ्हाइकाचा नसतो.

‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’ हे अखिल भारतीय नेत्रतज्ज्ञ संघटनेचे नियतकालिक १९५३ पासून निघते. त्याचे २०२१ हे वर्ष आठवा. करोनातून सावरलेल्या माणसाचा डोळा सुजायचा, पापणी उघडेनाशी व्हायची आणि काहींचा जीव वाचवण्यासाठी डोळाच काढावा लागायचा. म्युकरमायकोसिसच्या त्या काळात देशभरच्या डॉक्टरांच्या नोंदी एकत्र करून या नियतकालिकाने जुलैमध्ये २,८२६ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यांत २२ टक्के रुग्ण गुजरातचे, २१ टक्के आपल्या महाराष्ट्राचे. ७८ टक्क्यांना मधुमेह होता, ८७ टक्क्यांना स्टेरॉइड दिलेली होती. संकट दारात असतानाच या जोडीवर नेमके बोट ठेवले गेले. नियतकालिक कशासाठी काढायचे, याचे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

आता पुढचे. मधुमेहाने दृष्टिपटलाला केलेली इजा संगणक छायाचित्रावरून ओळखू शकतो, हे २०१६ साली ‘जामा’तल्या निबंधाने दाखवले; संगणकाला शिकवलेल्या छायाचित्रांत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचीही होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निबंधाचा अंदाज असा, की २०५० पर्यंत जगातल्या निम्म्या लोकांना मायनस नंबरचा चष्मा लागलेला असेल. असे विषय अंकाला वजन देतात आणि त्यांना जागा मिळायलाच हवी.

पण मला जास्त मोलाचा वाटतो तो आसामच्या चहामळ्यांतला प्रयोग. चाळिशी गाठलेल्या ७५१ मजुरांपैकी निम्म्यांना जवळचे दिसण्याचा साधा चष्मा लगेच दिला, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी दुसऱ्या गटाच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये हे प्रसिद्ध झाले. ना लेसर, ना संगणक. नाकावर दोन भिंगे. रोजंदारीवरच्या माणसाला याहून सरळ भाषेत विज्ञान काय सांगणार?

आपल्या राष्ट्रीय पाहणीतही (२०१५-१९) पन्नाशीपुढच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के निघाला. म्हणजे ज्याच्यावर उपाय फार पूर्वीच सापडला, त्याच दुखण्याने माणसे अजून आंधळी आहेत. उलट, आपल्या आज्या ज्या खुपरीला घाबरायच्या, ती भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्यामागे औषधाइतकाच वाटा स्वच्छ पाण्याचा आणि धुतलेल्या तोंडाचा.

म्हणून नेत्रवैद्यकाच्या संपादकांना एक सूचना. वर्षअखेरच्या वहीत एक रकाना वाढवा: छापलेल्यातले इंग्रजीबाहेर किती गेले? मधुमेहाच्या गोळ्या लिहून देणारा तालुक्याचा डॉक्टर, आशाताई, चष्म्याचा दुकानदार यांना उपयोगी पडेल असे एक पान तरी प्रत्येक अंकातून मराठीत, कन्नडमध्ये, तमिळमध्ये निघायला हवे. खर्च फार नाही, खटाटोप आहे.

आणि वाचकहो, हा मजकूर तुम्ही हात लांब करून वाचत असाल, तर नव्या वर्षाची वाट पाहू नका. या आठवड्यातच डोळे तपासून घ्या. मधुमेह असेल, तर दृष्टिपटल दरवर्षी दाखवा. दिसत नीट असले तरीही.