सग्यासोयऱ्यांची संमती

वंशावळ म्हणजे काय, हे अंबड तालुक्यात आता कोणाला समजावून सांगावे लागत नाही. २९ ऑगस्ट २०२३ रोजी अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि त्यानंतरच्या महिन्यांत कुणबी नोंदींसाठी घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. खासरा पत्रक, कोतवालाकडची जन्म-मृत्यूची नोंद, शाळेचे जुने रजिस्टर. मोडी किंवा उर्दू वाचणाऱ्याचा शोध. खापरपणजोबाचे नाव म्हाताऱ्या चुलत्याकडून वदवून घेणे. हे सगळे इथल्या माणसाला तोंडपाठ झाले. पुढे वडीगोद्रीत दुसऱ्या बाजूचेही उपोषण झाले. आरक्षणाच्या त्या वादात आज शिरायचे नाही. पण त्या धांदलीत तालुक्याला जे कळले ते भल्याभल्या संशोधन संस्थांना उशिरा कळते आहे: नोंद एकाची सापडते आणि लागू अख्ख्या भावकीला होते. जानेवारी २०२४ च्या सरकारी मसुद्यात ‘सगेसोयरे’ आले, तेव्हा सोयरा नेमका कोणाला म्हणायचे यावर पारापारावर जो कीस पडला, तो वकिलांनी ऐकण्यासारखा होता.

आज २५ एप्रिल. १९५३ साली याच तारखेच्या ‘नेचर’ नियतकालिकात वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा जेमतेम पानभराचा लेख छापून आला. शेजारीच मॉरिस विल्किन्स आणि रोझलिंड फ्रँकलिन यांच्या गटांचे लेख होते. पन्नास वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा प्रकल्प पुरा झाल्याची घोषणा झाली. म्हणून हा दिवस ‘डीएनए दिन’. आपल्याकडे तो फारसा कोणी साजरा करत नाही, आणि करावा असा आग्रहही नाही. मात्र ज्या वंशावळीला प्रतिज्ञापत्र लागत नाही, जिच्यात खोटे नाव घुसवता येत नाही आणि जी एकाने उघडली की सगळ्यांची उघडते, तिच्याविषयी बोलायला आजच्यासारखा दिवस नाही.

ती कशी उघडते, याचा धडा अमेरिकेत मिळाला. थुंकीचा नमुना पाठवून आपले पूर्वज आणि दूरचे नातलग शोधायची सोय ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ ही कंपनी देत असे. परदेशातल्या अनेक भारतीय घरांतही तिचे डबे हौसेने पोचले आहेत. २०२३ मध्ये चोरट्यांनी दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून तिची सुमारे चौदा हजार खाती उघडली. पण माहिती गेली ती तब्बल ६९ लाख लोकांची, कारण त्या खात्यांतून ‘नातलग’ म्हणून जोडलेली माणसे दिसत होती. त्यांचा पासवर्ड कोणी चोरला नव्हता. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि दीड कोटीहून अधिक माणसांची जनुकीय माहिती कर्जदाराच्या मालमत्तेसारखी विक्रीला निघाली.

डीएनएबद्दल एवढी धास्ती तरी आता पसरली आहे. जनुकांच्या सक्रियतेची माहिती मात्र निरुपद्रवी समजली जाते, आणि खरा घोटाळा तिथेच आहे.

सक्रियता म्हणजे काय, हे कपाशीवाल्याला विचारावे. बीटी कपाशीच्या झाडातल्या प्रत्येक पेशीत तेच बोंडअळीला मारणारे जनुक असते. पण नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास मोजून दाखवले, की पानात विष भरपूर तयार होते, फुलाच्या बीजांडकोशात आणि बोंडाच्या सालीत फार कमी, आणि झाड जसे जून होते तसे ते घटत जाते. वाणावाणातही फरक पडतो. जनुक असणे आणि जनुकाने काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाचेही तेच. यकृताची पेशी आणि डोळ्याची पेशी यांत एकच डीएनए. कोणती जनुके किती जोरात चालतात एवढाच फरक. चालणारे जनुक आरएनएच्या प्रती काढते. त्या प्रती मोजल्या की सुमारे वीस हजार जनुकांपुढे वीस हजार आकडे मांडलेला तक्ता हाती येतो. कर्करोगाची गाठ पुन्हा उसळेल का, केमोथेरपी खरोखर लागणार आहे का, हे ठरवायला स्तनाच्या कर्करोगात २१ जनुकांच्या सक्रियतेची चाचणी आज वापरली जाते. एखाद्या बाईची केमो या आकड्यांमुळे टळते. त्यामुळे ‘हे सगळे बंद करा’ असे म्हणणारा माणूस आम्हाला शहाणा वाटत नाही.

महाराष्ट्रात या विषयावर झालेले एक काम सांगण्याजोगे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. बारीक दिसणाऱ्या पण अंगात चरबी जास्त असलेल्या भारतीय बाळाची ओळख जगाला झाली ती बरीचशी या गावांमुळे. तेव्हा जन्मलेली मुले मोठी झाल्यावर ‘प्रिया’ या नावाने दुसरा टप्पा सुरू झाला. गर्भधारणेच्या आधीपासून काहींना ब-१२ जीवनसत्त्व, काहींना त्याच्या जोडीला इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि काहींना नुसती बिनऔषधी गोळी दिली गेली. पुढे त्यांना बाळे झाली तेव्हा नाळेतल्या रक्तातील पेशींची जनुके किती चालतात हे तपासले. त्या कामात पुण्याच्या आयसर संस्थेत काम केलेले डॉ. संजीव गलांडे यांचाही सहभाग होता. पेशींच्या विभाजनाशी संबंधित जनुकांच्या सक्रियतेत फरक दिसला. आईने गरोदर राहण्याआधी काय खाल्ले, याची खूण बाळाच्या रक्तात उमटते म्हणायची! आजी, आई आणि नातवंड असा तीन पिढ्यांचा धागा पकडून इतकी वर्षे चाललेले ग्रामीण संशोधन जगात फार नाही. त्या गावांनी तो धागा तुटू दिला नाही, हेही तितकेच मोठे.

या संशोधनातून कोणाचे काही फुटले असे मुळीच नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो. प्रश्न असल्या सगळ्याच तक्त्यांचा आहे. नाव, गाव, आधार क्रमांक काढून टाकला की आकड्यांचा तक्ता खुला करायला हरकत नाही, अशी समजूत बरीच वर्षे होती. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेतील एरिक शॅड्ट आणि सहकाऱ्यांनी ती मोडून काढली. डीएनएतल्या एखाद्या अक्षराच्या फरकाने शेजारचे जनुक थोडे जोरात किंवा थोडे हळू चालते. मग उलट वाटेने जाता येते: हजारो जनुकांचे वेग पाहून अक्षरांचा अंदाज बांधायचा, आणि तो अंदाज दुसरीकडच्या डीएनए नमुन्याशी ताडून माणूस ओळखायचा. बाई की पुरुष हे तर एक्सआयएसटी या एकाच जनुकावरून कळते. ते बायकांतच चालू असते. २०२० मध्ये येल विद्यापीठातल्या मार्क गर्स्टीन यांच्या गटाने त्याहून साधी वाट दाखवली. संमती दिलेल्या दोघांचे उष्टे कॉफीचे कप घेतले, त्यांवरचा डीएनए वाचला आणि त्या माणसांची ‘निनावी’ जनुक-माहिती नेमकी शोधून काढली. अंबडच्या बसस्थानकावर दिवसभरात किती कप फेकले जातात, ते मोजायला नको.

आडनावाचे प्रकरण तर आपल्याला अगदीच ओळखीचे वाटेल. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, आडनावासारखेच. २०१३ मध्ये संशोधकांनी वाय गुणसूत्रावरच्या खुणा, हौशी लोकांनी उघड ठेवलेल्या वंशावळी आणि वय-राज्य एवढी माहिती जोडून, संशोधनासाठी निनावी डीएनए दिलेल्या सुमारे पन्नास माणसांची ओळख पटवली. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, आणि गेल्या तीन वर्षांत तर तहसीलच्या दप्तरात नवी-जुनी वंशावळ फाइलबंद झाली आहे. त्यात आपल्या सोयरिकी चार-सहा तालुक्यांच्या बाहेर सहसा जात नाहीत, आणि मामाची मुलगी करण्याची चाल अजून संपलेली नाही. दूरचा नातलग शोधायला अमेरिकेत लाखो नमुने लागले. इथे फार कमी पुरतील असे आम्हाला वाटते.

पुरले तर बिघडले काय? हा प्रश्न विचारणाऱ्याने या आठवड्यात एखाद्या मंगल कार्यालयाबाहेर उभे राहावे. यंदा १७ मेपासून अधिक महिना लागतो, त्याच्या आत लग्ने उरकण्याची घाई आहे. बायोडाटे फिरताहेत, आणि ‘त्यांच्या घरात कोणाला काही आहे का’ हा प्रश्न पत्रिकेच्या आधी विचारला जातो आहे. थोरलीला तिशीत स्तनाचा कर्करोग झाला आणि बीआरसीए जनुकातला दोष अहवालात आला, तर धाकट्या दोघींची स्थळे परत जातात. त्या दोघींनी कोणत्याही कागदावर सही केलेली नसते. दोष त्यांच्यात उतरला असेल याची शक्यता निम्मी. सोयरीक मोडणारा मात्र शक्यता मोजत बसत नाही. विमा कंपन्यांचे काय? जनुकीय आजार म्हणून सरसकट दावा नाकारणे घटनाबाह्य आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले. पण अमेरिकेने २००८ मध्ये नोकरी आणि आरोग्य विम्यासाठी जसा स्वतंत्र कायदा केला, तसा आपल्याकडे नाही. आणि सोयरिकीच्या बैठकीला तर कोणताच कायदा लागत नाही.

ज्या जिल्ह्यात हे लिहितो आहोत, तिथे जनुकांची गुप्तता कशी राखतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली आणि जालना बियाण्यांचे शहर झाले. संकरित बियाण्याचे नर आणि मादी वाण कोणते, हे कंपनी बाहेर कळू देत नाही. बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्यालाही पाकिटावर सांकेतिक क्रमांकच दिसतो. वाणांच्या हक्कासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. कपाशीच्या आईबापांची ओळख इतक्या जपणुकीने राखली जाते. माणसाच्या आईबापांचे काय?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतरच्या मसुद्यांत जनुकीय माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून तो वर्गच गेला: जनुकसंच आणि मोबाइल क्रमांक एकाच रांगेत. संशोधनाला अटींवर सूट आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. पण मोठी उणीव मुदतीची नाही. हा कायदा माहितीचा धनी म्हणून एकच माणूस धरतो. सख्ख्या बहिणीला त्यात जागा नाही. डीएनए तंत्रज्ञानाच्या वापरावरचे जे विधेयक होते, ते सरकारने जुलै २०२३ मध्ये मागे घेतले.

यावर संशोधकांचा आक्षेप ठरलेला असतो: प्रत्येक नातलगाची परवानगी मागायची तर एकही अभ्यास उभा राहणार नाही. तो आक्षेप बरोबर आहे. भावकीतल्या एका रुसलेल्या चुलत्याच्या हाती नकाराचा हक्क दिला, तर अंबडमध्ये रस्ताही होत नाही, संशोधन कुठले! तेव्हा नकाराचा हक्क नको; पण माहिती मिळण्याचा हवा, आणि माहिती ठेवणाऱ्यावर बंधने हवीत. ती शक्य आहेत, कारण झालेली आहेत. तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचा जनुकीय अभ्यास खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राने आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेने ज्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात केला, त्यात माहितीचे दोन भाग होते: माणूस ओळखता येणार नाही तेवढी खुली, बाकीची अर्ज करून, ओळख पटवून मिळणारी. येलच्या त्याच गटाने कच्च्या आरएनए फायलींतील डीएनएची अक्षरे झाकून सक्रियतेचे आकडे जवळपास तसेच ठेवणारी पद्धत दिली आहे. माहिती रुग्णालयातच ठेवून हिशेब तेवढे बाहेर पाठवायची रीतही रुळते आहे. यासाठी चंद्रावर जावे लागत नाही. पैसे लागतात आणि वेळ लागतो, आणि संशोधनाच्या अर्थसंकल्पात हे दोन्ही शेवटी आठवतात.

राहिला संमतीचा कागद. जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात गाठीचा तुकडा तपासणीला जाताना रुग्णाच्या हाती जो फॉर्म येतो, त्यात ‘या तपासणीतून तुमच्या भावंडांविषयी आणि मुलांविषयीही काही कळू शकते’ हे वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरात हवे. उरलेला नमुना कुठे राहणार आणि किती वर्षे, तेही हवे. नाळेचे रक्त दिलेले मूल अठरा वर्षांचे झाले की त्याला पुन्हा विचारले पाहिजे, कारण पहिली सही आईची होती. आणि तातडी नसेल तर तो कागद एक रात्र घरी नेऊ द्यावा. बायोडाटा पाठवायच्या आधी आपण चार माणसांना विचारतो. इथे तर त्या चार माणसांचाच मजकूर पाठवायचा आहे.