आधी अर्थिंग, मग नारळ



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी आम्हाला ‘माझे मत’ हा विषय दिला. कोणी प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर लिहिले, कोणी गृहपाठावर. मी मात्र कार्यालयाच्या भिंतीवर बसवलेल्या काळ्या लोखंडी पेटीवर लिहिणार आहे. तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? पण २६ जानेवारीला ग्रामसभा आहे आणि त्याच दिवशी या पेटीपुढे नारळ फोडायचे घाटत आहे. त्याच्या आत माझे मत तुमच्या कानावर घालावे असे मला वाटले.

सर्वांना आठवत असेल, आपल्या शाळेत याआधीही इंटरनेटची पेटी आली होती. गावाने लोकवर्गणी काढली होती. आमच्या घरून आईने अंडी विकून साठवलेले २०० रुपये दिले होते. १५ ऑगस्टला उद्घाटन झाले. राउटरला झेंडूचा हार घातला, पाहुण्यांनी नारळ फोडला, टाळ्या झाल्या. आरतीचे ताट मीच धरले होते. मला फार अभिमान वाटला होता. बसवायला आलेला माणूस म्हणाला, “अर्थिंगचं नंतर बघू, कार्यक्रम तर होऊन जाऊ द्या.” ते ‘नंतर’ काही उजाडले नाही.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला. विजा कडाडल्या. शाळेला सुट्टी होती, पण पेटी तशीच चालू राहिली होती. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा एकही दिवा लागेना. झाकण काढले तर आत जळका वास. एवढ्या घरांनी दिलेले पैसे एका पावसात गेले. आईला सांगितले तेव्हा ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “परत मागायला आले तर लोक देतील व्हय गं?” तिचा तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

दिवाळीच्या सुट्टीत माझा मामा पुण्याहून आला. तो तिथे एका कंपनीच्या कॉम्प्युटरच्या खोलीत अशाच पेट्या बसवण्याचे काम करतो. शाळेला दुसरा राउटर मिळाला होता, पण तो खोक्यातच पडून होता. गुरुजींनी मामाला विनंती केली. मामाने दोन दिवस काम केले आणि मी त्याच्या हाताखाली पक्कड, स्क्रू द्यायला होते. मी जे पाहिले ते थोडक्यात सांगते, म्हणजे माझे मत का झाले ते कळेल.

त्या लोखंडी पेटीला रॅक म्हणतात. जगभर तिची रुंदी ठरलेली आहे, १९ इंच. उंची ‘यू’ या मापाने मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. आपली पेटी सहा यूची, म्हणजे आत साडेदहा इंच जागा. माप ठरलेले असल्यामुळे कोणत्याही कंपनीचे त्या मापाचे यंत्र त्यात बसते. आपल्या वह्या जशा एकाच मापाच्या असल्या की दप्तरात नीट राहतात, तसेच हे.

मामाने आधी भिंतीवर टिचकी मारून पाहिले. गिलावा पोकळ वाजला तिथे त्याने छिद्र पाडले नाही. पक्क्या विटेत जाड खिळीचे बोल्ट ठोकले, पेटी टांगली आणि मग स्वतः तिला लोंबकळून पाहिले. आम्ही हसलो. तो म्हणाला, “हसू नका. ही पडली तर खाली बसलेल्या पोराच्या डोक्यात पडंल.” बॅटरीचा यूपीएस जड म्हणून तो भिंतीवर न टांगता खाली लाकडी घडवंचीवर ठेवला.

पेटीत सगळ्यात वर काचेच्या तंतूची केबल येते तो छोटा डबा. केसाएवढ्या बारीक काचेतून उजेड येतो आणि त्या उजेडातून निरोप येतात. ही केबल काटकोनात मुडपायची नाही, काच आतून तुटते. तिच्या टोकात डोळा लावून बघायचेही नाही. तो उजेड डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. त्याखाली राउटर, त्याखाली सर्व वर्गांच्या वायरी जोडायची पट्टी. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना मामाने कागदी चिठ्ठ्या लावायला सांगितल्या. ‘पाचवी’, ‘सातवी’, ‘कार्यालय’. अक्षर माझे आहे, जाऊन पाहा.

राउटर काय करतो? तालुक्याच्या पोस्टात टपाल वेगळे करणारे काका असतात ना, तेच काम तो करतो. कोणता निरोप कोणत्या कॉम्प्युटरचा ते पाहून तिकडे पाठवतो. प्रत्येक यंत्राला तो हजेरीसारखा एक नंबर देतो. १९६९ साली २९ ऑक्टोबरला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या दोन ठिकाणांमध्ये असा पहिला निरोप गेला. तेव्हाचे हे यंत्र कपाटाएवढे मोठे होते. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता, पण दोन अक्षरे गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला! म्हणजे पहिल्या दिवशी बिघाड होणे ही काही लाजेची गोष्ट नाही. बिघाडातून न शिकणे ही लाजेची गोष्ट आहे.

मामाने कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदलला. तो म्हणाला, कारखान्याचा पासवर्ड म्हणजे बाजारातून आणलेले कुलूप, ज्याची किल्ली गावभर सगळ्यांकडे आहे. मग त्याने दोन वाटा वेगळ्या केल्या. एक कार्यालयाची, जिथे आपली सर्वांची नावे, जन्मतारखा आणि आधार क्रमांक असतात. दुसरी वर्गांची. वर्गातल्या वाटेवरून कार्यालयाच्या कागदांपर्यंत जाता येत नाही. हे मला फार आवडले.

सगळे चालू झाले. पडद्यावर पान उघडले, आम्ही ओरडलो. आणि मग मामाने सगळे बंद केले!

कारण काय? जुनी हिरवी वायर कुठे जाते ते शोधत तो खिडकीपाशी गेला. हिरवी वायर म्हणजे अर्थिंगची, म्हणजे वाट चुकलेली वीज जमिनीत नेऊन सोडणारी. ती वायर जमिनीत गेलीच नव्हती. खिडकीच्या गजाला गुंडाळून ठेवली होती. त्याच गजाला धरून आम्ही रोज मैदानाकडे बघत उभे राहायचो. मामाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “यंत्र जळलं ते स्वस्तात सुटलं म्हणा. आत बिघाड होऊन वीज पेटीच्या लोखंडात उतरली असती, तर ती या गजात आली असती.” गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतःच्या हाताने ती वायर सोडवली.

दुसरी गोष्ट. मागच्या वेळी आपल्या इमारतीतून अंगणवाडीकडे लिंबाच्या झाडावरून एक तांब्याची वायर ओढली होती. जळलेल्या राउटरमध्ये ती वायर जिथे लावली होती तेच भोक सगळ्यात काळे झाले होते. मामा म्हणाला, नुकसान नक्की कुठून आले ते आता शपथेवर सांगता येणार नाही, पण उघड्यावरची तांब्याची वायर म्हणजे विजेला घरात यायचे आमंत्रण. वीज तिच्यावरच पडावी लागते असेही नाही. जवळ पडली तरी वायरीत झटका उतरतो.

आता माझे मत सांगते.

पहिले मत असे की अर्थिंग झाल्याशिवाय पेटी चालू करू नये आणि नारळही फोडू नये. काही मोठी माणसे म्हणतात, “पाहुणे ठरले, तारीख ठरली, आता मागे कसं सरायचं?” मी लहान आहे, पण विचारते, पाहुणे एक तास थांबतील, पेटीजवळ आम्ही वर्षभर बसणार. मग तारीख कोणाच्या सोयीने ठरवावी? पाया न भरता कळस चढवला तर काय होते ते आपण एकदा पाहिले आहे. बैल गेल्यावर झोपा करण्यात शहाणपण नाही.

दुसरे मत अंगणवाडीच्या वायरीबद्दल. ती जुनी तांब्याची वायर शिल्लक आहे, म्हणून तीच परत ओढावी असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. अंगणवाडीपर्यंत काचेच्या तंतूची, आत लोखंडी तार नसलेली केबल न्यावी. काचेतून वीज जात नाही. खर्च थोडा जास्त येईल, आणि तो आत्ता नसेल तर अंगणवाडीची जोडणी दोन महिने थांबवावी. लहान मुलांच्या बाईंना मी हे विचारले. त्या म्हणाल्या, “थांबू की आम्ही.”

तिसरे मत कुलपाबद्दल. चोरीच्या भीतीने पेटी लाकडी कपाटात घालून बंद करा, अशी एक सूचना आहे. पेटीला स्वतःचे कुलूप आहेच. कपाटात कोंडली तर उन्हाळ्यात यंत्र तापेल. त्याच्या बाजूच्या भोकांतून वारा खेळला पाहिजे. उलट दर शनिवारी कोरड्या फडक्याने पेटीवरची धूळ पुसायची पाळी वर्गांनी लावून घ्यावी. पासवर्ड एका पाकिटात लिहून, पाकीट लाखेने बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावे. गुरुजींची बदली झाली तर पासवर्डची बदली होऊ नये!

आता विरोधातले मत सांगते, कारण बाईंनी सांगितले आहे की दुसरी बाजूही लिहावी. आमचे आजोबा म्हणतात, “मोबाईल आहे की घरोघरी. ही पेटी कशाला?” त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण २०२० साली मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझी ताई आठवीत होती. घरात एकच मोबाईल, तो बाबांबरोबर शेतात. संध्याकाळी मोबाईल यायचा तर रेंज नसायची. ती मारुतीच्या देवळाच्या चौथऱ्यावर चढून धडे उतरवून घ्यायची, पाऊस आला की पोते डोक्यावर घेऊन परत यायची. ताईचे गणित तेव्हा जे मागे पडले ते नंतर भरून काढायला तिला फार त्रास झाला. ज्याच्या घरी मोबाईल नाही त्यालाही शाळेत हक्काने बसता यावे, म्हणून पेटी हवी. सरकारने २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत काचेची केबल नेण्याची योजना मंजूर केली, तिला पुढे भारतनेट नाव मिळाले. केबल गावापर्यंत आणणे सरकारचे काम असेल. पण ती आपल्या भिंतीवर सांभाळणे आपलेच काम.

काही पालकांना भीती वाटते की मुले नको ते पाहतील. ही भीतीही खोटी नाही. म्हणून वर्गांच्या वाटेवर मामाने चाळणी लावली आहे आणि शाळा सुटल्यावर ती वाट आपोआप बंद होते. तरी चाळणीतून खडा कधीतरी जातोच. म्हणून कॉम्प्युटरचा पडदा दाराकडे तोंड करून ठेवावा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही तो दिसेल.

शेवटी माझी एक चूकही सांगते. मागच्या वर्षी मी एकदा राउटरचा प्लग काढून तिथे चुलतभावाचा मोबाईल चार्जिंगला लावला होता. कार्यालयात अर्धा तास काम अडले आणि मी गप्प बसले. म्हणजे दोष फक्त बसवणाऱ्या माणसाचा नव्हता. पेटी सगळ्यांची होती म्हणून ती कोणाचीच नव्हती.

तर मित्रहो आणि पालकहो, माझी विनंती ऐका. हातपंपाच्या बाजूला, जिथे जमीन ओलसर राहते, तिथे गुरुजींनी चुन्याने चौकोन आखला आहे. अडीच मीटरचा पाइप जमिनीत उतरवायचा, त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्यायचे. वरचा हातभर भाग मातीचा आहे, पण खाली मुरूम आहे. एकट्या वायरमनकाकांना तो खणणे जमणार नाही. जोडणी आणि मीटर लावून तपासणी तेच करतील, त्यात आपण हात घालायचा नाही. पण खड्डा आपण खणू शकतो. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता ज्यांना जमेल त्यांनी कुदळ, पहार, घमेले घेऊन यावे. मोठी मुले माती ओढतील, लहान मुले घरातला चुलीचा कोळसा आणतील. आमच्या घरून एक पाटी कोळसा आणि खडे मीठ येणार आहे. आईने ते आत्ताच बाजूला काढून ठेवले आहे.

पुढे उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे लागेल, नाहीतर जमीन वाळून अर्थिंग लुळे पडते. मे महिन्यात शाळा बंद असते. ते काम मी घेते. माझे घर जवळच आहे.

खड्डा झाला, मीटरने होकार दिला, की मग खुशाल नारळ फोडा. फक्त पेटीवर नको, खड्ड्याजवळ फोडा. पाणी जमिनीतच जाईल. आरतीचे ताट धरायला मी आहेच.

तुमची वर्गमैत्रीण,
इयत्ता सातवी