गोरेपणाचा व्यापार

सौंदर्याची आवड निंद्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु गोरेपणा म्हणजेच सौंदर्य, हा समज गल्ल्याच्या लोभाने आम्हां दुकानदारांनीही पोसला, हे कबूल केले पाहिजे.

अकोल्याची 2023 सालची वार्ता पुष्कळांच्या वाचनात आली असेल. एकाच घरातील तीन स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शोध झाला, तेव्हा दोष निघाला चेहऱ्याच्या मलमाचा. त्यात पारा होता. पारा त्वचेचा रंग घडविणाऱ्या द्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून मुखडा उजळतो; पण तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो. 2020 च्या नियमांनुसार अशा मलमात अनवधानानेही दहा लाखांत एका भागाहून अधिक पारा चालत नाही. ‘सोन्याला लागू देऊ नये’ अशी सूचना डबीवर दिसली, तर आमच्या सराफबंधूंना अधिक सांगावयास नको! पारा सोन्याला पांढरे पाडतो, हे ते जाणतातच.

स्टेरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत, असे शासनाने 2018 सालीच बजावले आहे. त्यांच्या दीर्घ वापराने त्वचा पातळ होते.

घरगुती तेवढे सारे निर्दोष, असेही नव्हे. लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजते. इचोड्याच्या वैशाखात डोईवरचा पदर आणि रात्रीचे खोबरेल बरे.

उत्पादकाचे नाव-पत्ता नसलेली डबी आमच्या फळीवर नसावी. गिऱ्हाईक आदिलाबादेस जाऊन घेईल, असे काही बंधू म्हणतात. जाऊ द्यावे.