कोपऱ्याचे पैसे वेगळे मोजा

छत आणि भिंत जिथे भेटतात तिथे बसवायच्या लाकडी नक्षीपट्टीचे, म्हणजे क्राउन मोल्डिंगचे, काम आपल्याकडे बहुधा रनिंग फुटावर ठरते. ही पद्धत बदलायला हवी. या कामात सुताराचे कसब लागते ते कोपऱ्यात, आणि कोपरा बिलात कुठेच नसतो. ही पट्टी भिंत आणि छत यांच्यामध्ये तिरकी टेकते, त्यामुळे मायटर सॉवर आडवी ठेवून कापताना नुसते 45 अंश लावून भागत नाही. अमेरिकेत रुळलेली पट्टी भिंतीशी 38 अंशांचा कोन करते. काटकोनी कोपऱ्यासाठी तिला टेबल 31.6 अंश फिरवावे लागते आणि पाते 33.9 अंश कलवावे लागते. पट्टीचा कोन 45 असेल तर हेच आकडे 35.3 आणि 30 होतात. पट्टी उलटी करून, वर बसते त्याच कलाने यंत्राला टेकवून कापली तर 45 अंश पुरतात; पण हात जरा ढळला की काप गेलाच.

हे सारे आकडे कोपरा काटकोनात आहे असे धरून चालतात. प्रत्यक्षात प्लास्टरचा थर कोपऱ्यात कमीजास्त होतो आणि गुण्या लावला की भिंतीचे खरे रूप कळते. कोपरा 92 अंशांचा निघाला आणि काप 90 चाच ठेवला, तर छतावर साडेसहा सेंटिमीटर पुढे येणाऱ्या पट्टीच्या सांध्यात एका टोकाला तीन मिलिमीटरांची फट पडते. आतल्या कोपऱ्यासाठी जुना आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय आहे. एक पट्टी सरळ कापून थेट भिंतीला भिडवायची, दुसरीची कड बारीक पात्याच्या हातकरवतीने पहिलीच्या नक्षीबरहुकूम कोरायची आणि मागचे लाकूड थोडे जास्त काढायचे. मग कोपरा एकदोन अंश चुकला तरी सांधा समोरून मिटलेला दिसतो. बाहेरच्या कोपऱ्याला ही सोय नाही. तिथे कोन मोजून निम्मा करावाच लागतो.

कोणी म्हणेल, फट पुट्टीने बुजवा आणि रंग मारा. पण लाकूड पावसाळ्यात आडव्या अंगाने फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि जाड भरलेली पुट्टी तिथेच तडकते. पीओपीचा कोपरा ओला असताना हाताने जुळवता येतो, लाकडाचा नाही. डिजिटल कोनमापक जरूर घ्यावा, पण तो कोन सांगतो, कोरत नाही. राहिला खर्चाचा आक्षेप, आणि तो खरा आहे: कोपऱ्याचा दर लावला की बिल वाढेल. मात्र साध्या चौकोनी खोलीत चारच कोपरे असतात. लांबीच्याच पैशांत सारे उरकायचे म्हटले, तर प्रत्येक कोपऱ्यावर घालवलेला वेळ सुताराच्या खिशातून जातो. मग त्याने कोरणे सोडून पुट्टीचा डबा उघडला तर दोष त्याला कसा द्यायचा? कोटेशनमध्ये फुटांच्या ओळीखाली आतले कोपरे किती, बाहेरचे किती आणि प्रत्येकाचा दर काय, एवढे काम सुरू होण्याआधी लिहून घ्यावे.