बुडालेले बेट आणि हेगचा निवाडा

हरियाभंगा नदीच्या मुखाशी १९७० च्या चक्रीवादळानंतर वर आलेल्या वाळूच्या बेटाला आपण न्यू मूर म्हटले, बांगलादेशाने दक्षिण तालपट्टी. १९८१ साली भारताने तेथे नौदलही धाडले. पुढे बेटच बुडाले. वाद मात्र तरला. ७ जुलै २०१४ रोजी हेगच्या लवादाने २५,६०२ चौरस किलोमीटर विवाद्य सागरापैकी १९,४६७ बांगलादेशाला दिले. बेटाची जागा तेवढी आपल्याकडे आली. हा व्यवहार आतबट्ट्याचा, असे म्हणणाऱ्यांनी सांगावे, सीमाच अनिश्चित असलेल्या पाण्यात वायूच्या विहिरीसाठी भांडवल कोण घालणार? भारताने निवाडा मानला, हे शहाणपणाचे झाले. चीनने २०१६ चा दक्षिण चिनी समुद्राविषयीचा निवाडा धुडकावलाच ना! तरीही एक करडा पट्टा उरलाच. तेथे वरच्या पाण्यातील मासळीवर हक्क आपला, तळाखालच्या तेलावर त्यांचा. दोन्ही सरकारे एकमेकांशी बोलल्यावाचून तेथे एकही विहीर सुखासुखी खणता येणार नाही.